पडद्याआडचा ठसा : सूक्ष्म पिक्सेलांच्या पॅनेलमध्ये अंगुलिमुद्रा सेन्सर कसा सामावतो?

मदन महल (जबलपूर) : मोबाइलच्या काचेवर बोट टेकवताच फोन उघडतो. त्या जागी बटण नसते, खाच नसते, वेगळी काचही नसते. तरीही बोटावरील रेषांचे चित्र घेतले जाते, फोनमध्ये जपलेल्या नोंदीशी ताडले जाते आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत निर्णय होतो. २०१८ मध्ये मोजक्या महागड्या फोनमध्ये दिसलेली ही सोय आता मध्यम किमतीच्या फोनमध्येही आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय व्यवहारांसाठी फोनमधील जैवओळख वापरण्याची मुभा दिल्यापासून पडद्यावर टेकवलेले बोट स्वाक्षरीइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

फोन उघडला नाही तर आपण पुन्हा बोट लावतो. बोटाच्या ठशावर पैसे, धान्य किंवा निवृत्तिवेतन अवलंबून असेल, तर त्याच नकाराचा अर्थ बदलतो. म्हणून पडद्याखालचा सेन्सर कसा काम करतो, कुठे अडखळतो आणि कोणाच्या बोटाला अधिक वेळा नाकारतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते. या तंत्रज्ञानाची मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते. पडदा जितका रेखीव करावा, तितकी त्याच्या आडून बोट पाहण्याची फट अरुंद होत जाते.

पाचशेचा आकडा

अंगुलिमुद्रा टिपण्यासाठी जगभर रूढ झालेले प्रमाण म्हणजे एका इंचात ५०० बिंदू. अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या मानकात हाच आकडा आहे आणि भारतात आधार नोंदणीच्या उपकरणांसाठीही तोच पायाभूत धरला जातो. एका इंचात ५०० बिंदू याचा अर्थ प्रत्येक बिंदूची बाजू ५०.८ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी. प्रौढ माणसाच्या बोटावर एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्यामुळे या प्रमाणात प्रत्येक उंचवटा आणि त्याशेजारची खाच मिळून सुमारे दहा बिंदू वाट्याला येतात. रेषा कुठे संपते आणि कुठे दुभंगते हे ओळखायला तेवढे पुरेसे असते. घामाची छिद्रे नेमकी दिसायला हवी असतील, तर इंचाला सुमारे १,००० बिंदूंची गरज भासते.

आजच्या चांगल्या फोनच्या पडद्यावर इंचाला ४०० ते ५०० पिक्सेल असतात. म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पिक्सेलचा आकार आणि ठसा टिपणाऱ्या बिंदूचा आकार जवळपास सारखाच आहे. या समानतेचा एक लाभ आहे आणि एक तोटा. लाभ असा की, प्रत्येक पिक्सेलच्या जागी प्रकाश ओळखणारा एक बिंदू बसवता आला, तर संपूर्ण पडदाच ठसा वाचू शकेल. तोटा असा की, एवढ्या लहान चौकोनात चित्राचे रंग, त्यांना वीज पुरवणारी सूक्ष्म परिपथे आणि ठशाची वाट या तिन्हींना जागा द्यावी लागते.

पडद्याच्या थरांतून प्रकाशाची वाट

महागड्या फोनमधील ओएलईडी पॅनेल अनेक थरांचे बनलेले असते. सर्वांत वर संरक्षक काच, तिच्याखाली बहुधा ध्रुवीकरण करणारा पातळ पापुद्रा, मग हवा व आर्द्रता रोखणारे आवरण, त्याखाली प्रकाश देणारे सेंद्रिय थर, त्यांना चालवणाऱ्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरची जाळी आणि तळाशी काचेचा किंवा लवचीक प्लॅस्टिकचा आधार. एका उपपिक्सेलमागे सहसा सात ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र असते. या साऱ्या धातूच्या रेघा प्रकाश अडवतात. वरच्या बाजूचा ऋणाग्र अर्धपारदर्शक असतो आणि ध्रुवीकरणाचा पापुद्राही बराच प्रकाश गिळतो.

परिणामी बोटावरून परतलेल्या प्रकाशापैकी फारच थोडा अंश पॅनेलच्या तळाशी पोहोचतो. तोही उपपिक्सेलांच्या मधल्या बारीक फटींतून झिरपत येतो. पिक्सेलांची घनता वाढवली की ट्रान्झिस्टर आणि तारा त्याच प्रमाणात लहान होत नाहीत, म्हणून फटींचा वाटा घटतो.

पडद्याखाली कॅमेरा बसवताना काही उत्पादकांनी त्या तुकड्यापुरती पिक्सेलांची घनता कमी केली होती. कॅमेऱ्यावरील जागा लहान असल्याने ते खपून गेले. ठसा मात्र पडद्याच्या खालच्या भागात, नजरेच्या टप्प्यात वाचला जातो. तिथे घनता कमी केल्यास पांढऱ्या पार्श्वभूमीवर डाग दिसू लागतो. म्हणून ठशासाठी चित्राचा दर्जा कमी करण्याचा मार्ग जवळपास बंदच आहे.

एक तडजोड थरांच्या बाबतीत झाली. २०२१ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या घडीच्या फोनमध्ये ध्रुवीकरणाचा पापुद्रा काढून त्याचे काम रंगगाळणीच्या थराकडे सोपवण्यात आले. त्यामुळे पॅनेलमधून जाणारा प्रकाश ३३ टक्क्यांनी वाढल्याचे उत्पादकाने सांगितले. तथापि बाहेरच्या प्रकाशाचे परावर्तन रोखण्यासाठी अशा रचनेत पिक्सेलांभोवती काळे कुंपण घालावे लागते आणि तेच कुंपण ठशाची फट बुजवते. एका हाताने दिलेली जागा दुसऱ्या हाताने परत घेतली जाते, असा हा व्यवहार आहे.

एलसीडी पडद्यांची अडचण आणखी वेगळी आहे. तिथे पिक्सेल स्वतः प्रकाशत नाहीत. मागे प्रकाश पसरवणाऱ्या आणि परावर्तित करणाऱ्या थरांची चळत असते व ती अपारदर्शक असते. मार्च २०२० मध्ये रेडमीने अवरक्त प्रकाश आरपार जाऊ देणारे थर वापरून एलसीडीखालून ठसा वाचणारा नमुना दाखवला, पण ती पद्धत बाजारात रुजली नाही. कमी किमतीच्या फोनमध्ये सेन्सर कडेच्या बटणात आढळतो, त्यामागे हेच मुख्य कारण आहे.

पहिला मार्ग : प्रकाशाचा

सर्वाधिक प्रचलित पद्धत प्रकाशाची आहे. बोट टेकल्याचे स्पर्शपटलाला कळताच बोटाखालचे पिक्सेल प्रखर हिरव्या किंवा निळसर-हिरव्या रंगात उजळतात. पडदाच दिव्याचे काम करतो. जिथे त्वचेचा उंचवटा काचेला टेकलेला असतो, तिथे प्रकाशाचा मोठा भाग त्वचेत शिरतो आणि कमी परततो. जिथे खाच असते, तिथे काच आणि त्वचा यांच्यामध्ये हवा असते, म्हणून काचेच्या पृष्ठभागावरून अधिक प्रकाश मागे फिरतो. उजेड-सावलीच्या या फरकातून रेषांचे चित्र तयार होते.

बोट आणि सेन्सर यांच्यामध्ये एक मिलिमीटरच्या आसपास अंतर असते, तर टिपायची रेषा अर्ध्या मिलिमीटरच्या मापाची. मोकळा सोडलेला प्रकाश एवढ्या अंतरात पसरतो आणि रेषा एकमेकींत मिसळतात. त्यावर दोन उपाय आहेत. एका पद्धतीत पडद्याखाली छोटे भिंग बसवून कॅमेऱ्यासारखे चित्र घेतले जाते. ते स्वस्त पडते, पण जाडी वाढते आणि बॅटरीची जागा कमी होते. दुसऱ्या पद्धतीत असंख्य सूक्ष्म नळ्यांची चाळण वापरली जाते. सरळ खाली येणारा प्रकाशच तिच्यातून पुढे जातो. चाळण पातळ असते, परंतु आधीच क्षीण झालेला प्रकाश ती आणखी घटवते.

पिक्सेलांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्या की आणखी एक उपद्रव होतो. रेशमी साडीचे दोन पदर एकावर एक धरले की लहरी उमटाव्यात, तशा खोट्या लहरी चित्रात उमटतात. पडद्यावरील रेषा अधिक बारीक झाल्या की या लहरी बोटाच्या रेषांच्या मापाच्या होऊ शकतात आणि त्या वेगळ्या काढणे अवघड होते. म्हणून सेन्सर पडद्याच्या तुलनेत काही अंशांनी तिरका बसवला जातो. शिवाय कारखान्यात प्रत्येक फोनच्या पडद्याची स्वतंत्र पार्श्वभूमी टिपून ठेवतात आणि ठसा घेताना ती वजा करतात. पडदा बदलल्यानंतर सेन्सरचे नव्याने अंशांकन करावे लागते, ते यामुळेच.

भर उन्हात आणखी एक अडचण येते. सूर्यप्रकाशातील तांबडा आणि अवरक्त भाग बोटातून आरपार जाऊन सेन्सरला दिपवतो. त्यासाठी अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी लावली जाते. ओल्या बोटावर पाणी खाचांत भरते आणि उंचवटे व खाचा यांतील फरक पुसट होतो. कोरड्या बोटाचे उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत, त्यामुळे रेषा तुटक उमटतात.

दुसरा मार्ग : ध्वनीचा

प्रकाशाची वाट अरुंद असेल तर ध्वनीने जावे, हा दुसरा विचार. पॅनेलच्या तळाशी चिकटवलेला पातळ पापुद्रा विजेच्या स्पंदांनी थरथरतो आणि माणसाच्या कानाला न कळणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी वर पाठवतो. उंचवटा काचेला टेकलेला असेल तर लहर त्वचेत शिरते. खाचेत हवा असेल तर ती जवळपास पूर्णपणे परत फिरते. परतलेल्या लहरींवरून रेषांचा नकाशा आणि त्यांच्या खोलीचा अंदाज मिळतो.

या पद्धतीला पिक्सेलांमधील फटींची गरज लागत नाही, म्हणून पडद्याची घनता वाढवण्यास तिचा अडथळा कमी. मात्र ध्वनीला सलग माध्यम हवे असते. वाटेत हवेचा पातळ थर आला तरी लहर तिथूनच माघारी वळते. त्यामुळे लवचीक प्लॅस्टिकवर बनवलेली पॅनेल या पद्धतीला अधिक मानवतात. पडद्यावर लावलेली संरक्षक काच नीट चिकटलेली नसेल, तर सेन्सर आंधळा होतो.

अशा प्रकारचा सेन्सर घेऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगची गॅलेक्सी एस-१० मालिका जाहीर झाली. क्वालकॉमने बनवलेल्या त्या सेन्सरचे क्षेत्र ४ बाय ९ मिलिमीटर होते. इंचाला ५०० बिंदू या हिशेबाने एवढ्या जागेत सुमारे १४ हजार बिंदू मावतात. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या पिढीत क्षेत्र ८ बाय ८ मिलिमीटर झाले. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये त्याच कंपनीने २० बाय ३० मिलिमीटरचा, दोन बोटे एकाच वेळी वाचू शकणारा सेन्सर जाहीर केला होता.

तिसरा मार्ग : पिक्सेलशेजारीच डोळा

वरील दोन्ही पद्धतींत सेन्सर पडद्याच्या मागे असतो. तिसऱ्या मार्गात तो पडद्याच्या आतच येतो. प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या शेजारी, त्याच पातळीवर, प्रकाश ओळखणारे सेंद्रिय पदार्थ बसवले जातात. लाल, हिरवा, निळा यांच्यासोबत चौथा घटक पाहण्याचे काम करतो. मे २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेल्या डिस्प्ले वीक प्रदर्शनात सॅमसंग डिस्प्ले कंपनीने अशा पॅनेलचा नमुना मांडला. पडद्यावर कुठेही बोट ठेवले तरी ठसा वाचता येणे, शिवाय रक्तप्रवाहातील बदलांवरून हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा अंदाज घेणे, असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले.

या मार्गात अंतराचा प्रश्न सौम्य होतो, कारण बोट आणि सेन्सर यांच्यातील थर कमी होतात. जागेचा प्रश्न मात्र टोकाला जातो. इंचाला ५०० पिक्सेल असलेल्या पॅनेलमध्ये ५० मायक्रोमीटरच्या चौकोनात रंगांसोबत हा चौथा घटक, त्याचे ट्रान्झिस्टर आणि संकेत बाहेर नेणारी तार बसवावी लागते. प्रकाश देणाऱ्या घटकाचे क्षेत्र घटले की तेवढ्याच उजेडासाठी त्यातून अधिक वीज न्यावी लागते आणि त्याचे आयुष्य कमी होते. शेजारून धावणाऱ्या चित्राच्या संकेतांचा गोंगाट सेन्सरच्या क्षीण संकेतात मिसळतो, तोही वेगळा करावा लागतो.

वेळेचे गणितही आहे. सेकंदाला १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर एका चित्राला सुमारे ८.३ मिलिसेकंद मिळतात. १,४४० गुणिले ३,१२० पिक्सेलच्या पडद्यावर जवळपास ४५ लाख बिंदू असतात. ते सारे वाचत बसणे परवडणारे नसते. म्हणून स्पर्शपटल आधी बोटाची जागा सांगते आणि तेवढाच तुकडा वाचला जातो. दहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनात सुमारे ३९ हजार बिंदू येतात आणि ते हाताळणे शक्य होते.

बटणापासून पडद्यापर्यंत

फोनमध्ये अंगुलिमुद्रा नवी नव्हती. २०११ च्या मोटोरोला एट्रिक्समध्ये मागच्या बटणावरून बोट सरकवावे लागे. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोन ५-एसने गोल बटणात स्थिर सेन्सर आणला आणि ही सवय सर्वदूर पसरली. त्यानंतर पडदे कडेपर्यंत पसरू लागले. बटणाला समोर जागा उरली नाही, तेव्हा सेन्सर पाठीवर, कडेवर आणि अखेर पडद्याखाली गेला. जानेवारी २०१८ मध्ये विवोचा एक्स-२० प्लस यूडी हा असा पहिला व्यावसायिक फोन ठरला. त्यात सिनॅप्टिक्सचा प्रकाशीय सेन्सर होता. भारतात मे २०१८ मध्ये विवो एक्स-२१ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर वनप्लस ६-टी या फोनद्वारे ही सोय पोहोचली.

जबलपूरचा जुना धागा

माणसाच्या शरीरावरून त्याची ओळख पक्की करण्याचा प्रश्न जबलपूरला नवा नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये तो प्रदेश नागपूरच्या भोसल्यांना मिळाला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. मदन महलच्या टेकडीवरील गोंडकालीन वास्तू आजही त्या पहिल्या सत्तेची खूण सांगते. इंग्रजी अमलात जबलपूर हे कॅप्टन स्लीमन यांच्या ठगीविरोधी मोहिमेचे केंद्र बनले. त्या काळी शिक्षा झालेल्या कैद्यांच्या अंगावर गोंदून कायमची खूण केली जाई. ही गोंदणाची शिक्षा १८४९ च्या कायद्याने बंद झाली.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८५८ मध्ये, बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल यांनी रस्त्याच्या सामग्रीच्या करारावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग उभा राहिला. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोलाचा वाटा होता, जरी ती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. गोंदणात सत्ता शरीरावर खूण उमटवत असे. अंगुलिमुद्रेत शरीरावर जन्मतः असलेली खूण सत्ता नोंदवून घेऊ लागली.

हा धागा मध्य प्रदेशात आजही चालू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या स्वयंचलित अंगुलिमुद्रा ओळख प्रणालीद्वारे मृत व्यक्तीची ओळख पटवणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य ठरले, ते एप्रिल २०२२ मध्ये. महाराष्ट्राच्या वाट्यालाही या इतिहासातील एक टप्पा आला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिला आधार क्रमांक एका आदिवासी महिलेला देण्यात आला.

झिजलेल्या बोटांचा प्रश्न

सेन्सरचे माप परक्याला रोखण्यावरून आणि आपल्याला ओळखण्यावरून ठरते. अँड्रॉइड प्रणालीच्या नियमांनुसार परक्या बोटाला आत घेण्याचे प्रमाण ५० हजारांत एकापेक्षा अधिक असता कामा नये. ही अट बंधनकारक आहे. खऱ्या मालकाला नाकारण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असावे, एवढीच अपेक्षा मात्र शिफारशीच्या भाषेत मांडली आहे. परक्यासाठी दार घट्ट आणि मालकासाठी थोडी अडचण खपवून घ्यायची, असा हा समतोल आहे. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला तो जाणवतही नाही.

हा आकडा सरासरीचा असतो आणि सरासरीत प्रत्येक बोट मावत नाही. विटा उचलणारे, दगड फोडणारे, सिमेंट कालवणारे, धुणीभांडी करणारे, शेतात राबणारे आणि वर्षानुवर्षे बिडीची पाने हाताळणारे हात यांच्या बोटांवरील उंचवटे झिजलेले असतात. वाढत्या वयात त्वचेची लवचीकता आणि आर्द्रता कमी होते. लहान मुलांच्या बोटावरील रेषा इतक्या जवळ असतात की प्रौढांसाठी ठरवलेले ५०० चे प्रमाण त्यांना अपुरे पडते. मध्य भारतातील कोरड्या हिवाळ्यात त्वचा तडकते, तर पावसाळ्यात बोटे ओली राहतात. एकाच माणसाचा ठसा डिसेंबरात आणि जुलैत सारखा उमटत नाही.

इथे पडद्याच्या घनतेचा मुद्दा पुन्हा समोर येतो. उंचवटे खोल आणि ठळक असतील, तर क्षीण प्रकाशातूनही चित्र निघते. उंचवटे झिजलेले असतील, तर उजेड-सावलीतील फरक आधीच कमी असतो. त्यात पॅनेलने प्रकाश गिळला की हाती काही उरत नाही. पडदा अधिक रेखीव करण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. श्रमाने झिजलेल्या बोटांना ती अधिक मोजावी लागते.

फोनचा ठसा आणि आधारचा ठसा

अनेकांच्या मनात एक गोंधळ असतो. फोन आपला ठसा ओळखतो, तर शिधावाटप दुकानात वेगळे यंत्र कशाला? या दोन ओळखींची वाट वेगळी आहे. फोनमधील ठशाचे चित्र बाहेर जात नाही. त्यावरून काढलेली सांकेतिक नोंद प्रोसेसरच्या संरक्षित कप्प्यात राहते. बँकेच्या किंवा देयकाच्या अॅपला ठसा मिळत नाही. जुळला की नाही, एवढेच उत्तर आणि त्यासोबत एक सांकेतिक किल्ली त्याला मिळते. आधारच्या पडताळणीत मात्र प्रमाणित उपकरण ठशाची माहिती कुलूपबंद करून केंद्रीय साठ्याकडे पाठवते आणि जुळणी तिथे होते. म्हणून फोनच्या पडद्याखालचा सेन्सर दुकानातील यंत्राची जागा घेऊ शकत नाही.

फोनमधील ठशाने फोनचा धारक ओळखला जातो. त्या फोनमध्ये कोणाचे बोट नोंदवले आहे, हे बँकेला किंवा शासनाला त्यातून कळत नाही. घरातील दुसऱ्या व्यक्तीचे बोट त्याच फोनमध्ये नोंदवलेले असेल, तर देयकांची सोय सुरू करण्यापूर्वी याचा विचार करणे आवश्यक आहे.

ठसा न जुळल्यामुळे हक्क बुडू नये, याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्टता दिली आहे. पडताळणी अयशस्वी झाली, एवढ्याच कारणाने पात्र व्यक्तीला लाभ नाकारता येत नाही. बुबुळ, चेहरा किंवा नोंदणीकृत मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक हे पर्याय त्यासाठीच ठेवले आहेत. बनावट ठशांना आळा घालण्यासाठी आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठशाचे बिंदू आणि ठशाची प्रतिमा अशी दोन्ही तपासणारी व्यवस्था लागू केली.

किती भरवसा ठेवावा?

लहान सेन्सर बोटाचा तुकडाच पाहतो. म्हणून नोंदणीच्या वेळी बोट अनेकदा, वेगवेगळ्या कोनांतून टेकवायला सांगितले जाते. २०१७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, अशा अपुऱ्या तुकड्यांपैकी काही अनेक माणसांच्या नोंदींशी जुळू शकतात. सेन्सरचे क्षेत्र वाढवणे हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय आहे आणि संपूर्ण पडदाच सेन्सर करण्याच्या धडपडीमागे हेही एक कारण आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये गॅलेक्सी एस-१० फोन काही नक्षीदार सिलिकॉन आवरणांखाली कोणत्याही बोटाने उघडत असल्याचे उघड झाले. सेन्सरने आवरणावरील नक्षीच ठसा म्हणून नोंदवली होती. कंपनीने त्याच महिन्यात सुधारित सॉफ्टवेअर दिले. मे २०२३ मध्ये चीनमधील टेन्सेंट आणि झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी काही अँड्रॉइड फोनमध्ये चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा चुकवून ठशांचा मारा करता येतो, हे प्रसिद्ध केले. फोन हाती असणे आणि तो उघडून आत उपकरण जोडणे त्यासाठी आवश्यक होते.

परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. बोटे मात्र दहाच असतात. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी जारी केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत डिजिटल देयकांसाठी ओळखीचे किमान दोन वेगळे घटक अपेक्षित आहेत, त्यामागे हाच विचार आहे. यूपीआयमध्ये ठशाचा वापर ऐच्छिक असून पिनचा मार्ग खुला राहतो.

उत्पादन कुठे होते?

भारतात मोठ्या संख्येने फोन जोडले जातात, पण त्यांची ओएलईडी पॅनेल बाहेरून येतात. सेन्सर पडद्याच्या मागे असतो, तोवर तो वेगळा घेऊन इथे जोडता येतो. तो पॅनेलच्या आत गेला, की सेन्सर बनवण्याचे कौशल्य पॅनेल बनवणाऱ्या कारखान्याकडेच एकवटते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ७६ हजार कोटी रुपयांच्या कार्यक्रमात अर्धवाहकांसोबत पडद्यांच्या कारखान्यांचाही समावेश आहे, तो यासाठी महत्त्वाचा ठरतो. जबलपूरमध्ये २००५ पासून अभिकल्पन आणि विनिर्माण यांवर भर देणारी भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था कार्यरत आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी झिजलेल्या बोटाचे चित्र स्पष्ट करणारी गणिते, म्हणजे कारखान्याविनाही करता येण्याजोगे काम, खुले आहे.

वापरताना घ्यायची काळजी

* रोजच्या वापरातील बोट दोनदा नोंदवावे. दुसऱ्या हाताचेही एक बोट नोंदवून ठेवावे.
* हिवाळ्यात ठसा वारंवार नाकारला जात असल्यास जुनी नोंद काढून त्याच ऋतूत नवी करावी.
* पडद्यावर नवे आवरण लावल्यावर ठसा पुन्हा नोंदवावा. नक्षीदार किंवा नीट न चिकटणारे आवरण टाळावे.
* पडदा बदलून घेतल्यास सेन्सरचे अंशांकन झाल्याची खात्री दुकानातच करावी.
* फोनमध्ये कोणाकोणाची बोटे नोंदवली आहेत, हे देयकांची सोय सुरू करण्यापूर्वी तपासावे.
* पिन लक्षात ठेवावा. फोन पुन्हा सुरू केल्यानंतर ठशाआधी तोच विचारला जातो.
* शिधा किंवा निवृत्तिवेतनासाठी ठसा न जुळल्यास पर्यायी पडताळणीची मागणी करावी.

प्रकाश, ध्वनी आणि पिक्सेलमधील सेन्सर या तिन्ही मार्गांची स्पर्धा पुढील काही वर्षे चालणार आहे. प्रदर्शनांत त्यांची तुलना वेगावर, जाडीवर आणि पिक्सेलांच्या घनतेवर होईल. ज्या देशात बोटाच्या ठशावर पैसे आणि धान्य मिळते, तिथे चौथे मापही लावावे लागेल. सर्वाधिक झिजलेले बोट त्या पडद्याला किती वेळा ओळखू येते, हे ते माप आहे.